रोशेलचं मीठ

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडालेली असेल आणि त्यात चिंचेची आमटी शिजवली, तर आमटी कळकते. तिला हिरवट झाक येते, जिभेवर धातूची चव रेंगाळते आणि जास्त खाल्ली तर पोटात ढवळतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल हे या बिघाडाचं कारण. देवघरातला काळवंडलेला तांब्या चिंचेच्या कोळाने घासला की लख्ख होतो, तोही याच आम्लामुळे. हवेतल्या ऑक्सिजनने तांब्यावर चढवलेला थर आम्ल सोडवतं आणि सुटलेले तांब्याचे आयन आम्लातलं टार्ट्रेट पकडून पाण्यात ओढून नेतं. घासताना आपल्याला हे हवं असतं, शिजवताना नको असतं. कल्हईवाला नवसागर टाकून कथलाचा थर देतो, तो या पकडीपासून अन्न वाचवण्यासाठी.

टार्टारिक आम्लाचा रेणू लहानसाच. कार्बनचे चार अणू, दोन्ही टोकांना आम्लाचे गट आणि मधल्या दोन कार्बनांवर एकेक हायड्रॉक्सिल. या रचनेमुळे तो धातूच्या आयनाला खेकड्याच्या नांगीसारखा दोन बाजूंनी धरतो. आम्लाच्या एका टोकाला पोटॅशियम आणि दुसऱ्या टोकाला सोडियम बसवला की तयार होतं सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट, म्हणजेच रोशेल सॉल्ट. त्याच्या स्फटिकात मिठाच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे चार रेणू रचनेचाच भाग म्हणून बसलेले असतात. दिसायला पारदर्शक, चवीला खारट आणि थोडंसं थंड लागणारं हे मीठ आपल्याकडे विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या बहुतेकांनी वापरलेलं आहे. मात्र ते ‘फेहलिंग बी’ अशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीत आधीच विरघळवून ठेवलेलं होतं. त्याचा स्फटिक हातात घेतलेले विद्यार्थी फार थोडे असतील, आणि हे मला मनापासून खटकतं. स्वयंपाकघरात वाढवता येणारा आणि टिचकी मारली की वीज देणारा दुसरा पदार्थ सहज सापडणार नाही.

बहुतेक आंबट फळांत सायट्रिक किंवा मॅलिक आम्लाचा वरचष्मा असतो. द्राक्षं आणि चिंच यांच्यात टार्टारिक आम्ल मुबलक, आणि युरोपात हे आम्ल माहीत झालं ते द्राक्षांतून. द्राक्षाच्या रसात ते बरंचसं पोटॅशियमशी जोडलेलं असतं. रस आंबून अल्कोहोल वाढलं, वाईन थंड झाली, की या पोटॅशियम क्षाराची विद्राव्यता घटते आणि पिंपाच्या आतून खरबरीत कवच धरतं. हे कवच म्हणजे टार्टर. ते स्वच्छ केलं की मिळणारी पांढरी पूड म्हणजे बेकरीच्या सामानात मिळणारं क्रीम ऑफ टार्टर. नाशिकच्या वाईनच्या बाटलीच्या तळाशी कधी काचेच्या कणांसारखे स्फटिक दिसले तर घाबरायचं कारण नाही, तेही हेच. शुद्ध टार्टारिक आम्ल वेगळं काढलं ते स्वीडनच्या कार्ल शील यांनी, १७६९ साली.

रोशेल मीठ मात्र त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीचं. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ला रोशेल या बंदरात सेन्येत नावाचं औषध बनवणाऱ्यांचं घराणं होतं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या घराण्याने टार्टरवर सोड्याची क्रिया करून नवं मीठ तयार केलं आणि सौम्य रेचक म्हणून विकायला सुरुवात केली. कृती त्यांनी घराबाहेर जाऊ दिली नाही. अखेर १७३१ साली बूल्दुक आणि जॉफ्रुआ या फ्रेंच रसायनज्ञांनी मिठाची घडण उलगडली आणि ते कुणालाही बनवता येऊ लागलं. पुढे सायडलिट्झ पावडर नावाचं फसफसणारं रेचक घरोघरी गेलं. त्याच्या दोन पुड्या असत. निळ्या कागदात रोशेल मीठ आणि खायचा सोडा, पांढऱ्या कागदात टार्टारिक आम्ल. दोन्ही पाण्यात एकत्र केल्या की फेस यायचा आणि तो ओसरायच्या आत प्यायचं. हे मीठ आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, उलट आतड्यात पाणी धरून ठेवतं; रेचकाचा गुण त्यातून येतो. आज औषध म्हणून त्याला विचारणारं कुणी नाही, पण खाद्यपदार्थांतल्या मान्य घटकांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते ३३७ या क्रमांकाने अजून आहे.

आता फेहलिंगकडे वळू. जर्मन रसायनज्ञ हेर्मान फेहलिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर साखर मोजण्यासाठी हे द्रावण तयार केलं. ग्लुकोजसारख्या शर्करा तांब्याच्या आयनाला इलेक्ट्रॉन देतात आणि विटकरी रंगाचा क्युप्रस ऑक्साइड खाली बसतो. ही क्रिया नीट होण्यासाठी द्रावण अल्कधर्मी लागतं, आणि तिथेच अडचण येते. मोरचुदाच्या पाण्यात कॉस्टिक सोडा घातला की तांबं फिकट निळ्या साक्याच्या रूपात लगेच खाली बसतं, आणि तापवलं की काळं पडतं. लाल रंग ओळखायचा कसा? फेहलिंग बी मध्ये कॉस्टिक सोड्याबरोबर असलेलं रोशेल मीठ ही अडचण सोडवतं. टार्ट्रेट तांब्याला पकडून द्रावणातच ठेवतं, म्हणून साका न येता गर्द निळा रंग खुलतो. शर्करा आली की ही पकड सोडून तांबं खाली उतरतं. पितळेच्या पातेल्यात आमटी बिघडवणारी खोड इथे कामाला लावलेली आहे.

फेहलिंग ए, म्हणजे मोरचुदाचं द्रावण, आणि बी वेगवेगळ्या बाटल्यांत का ठेवतात, हा प्रश्न परीक्षेत येतो आणि उत्तर पाठ करून लिहिलं जातं. खरं कारण असं की टार्ट्रेट स्वतःच हळूहळू तांब्याचं क्षपण करतं. आज मिसळलेलं द्रावण महिन्याभराने भरवशाचं राहत नाही. नेहमीच्या कृतीत बी च्या अर्ध्या लिटरमध्ये १७३ ग्रॅम रोशेल मीठ असतं, तर ए च्या अर्ध्या लिटरमध्ये मोरचूद ३५ ग्रॅमच्या आतबाहेर. पकडणारा इतका जास्त ठेवला, की एकही तांब्याचा आयन मोकळा राहू नये. या बाटलीत जपायचं ते कॉस्टिक सोड्यापासून. तो कातडी आणि डोळे भाजतो. मीठ बिचारं निरुपद्रवी आहे.

लेन आणि आयनॉन यांनी १९२३ साली याच द्रावणावर एक अनुमापन बसवलं. फ्लास्कमध्ये फेहलिंग उकळत ठेवायचं, ब्युरेटमधून साखरेचं द्रावण सोडायचं, शेवटी मिथिलीन ब्ल्यूचे थेंब टाकायचे आणि निळा रंग जाऊन विटकरी उरला की थांबायचं. उकळी थांबू द्यायची नाही, कारण हवा आत शिरली की निळा रंग परततो. साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत उसाच्या रसातली आणि मळीतली क्षपणकारी शर्करा याच पद्धतीने मोजत आले आहेत. मध आणि गूळ यांनाही ती लागू आहे. गुळात ही शर्करा जास्त असेल तर तो पावसाळ्यात पाझरतो, ढेप बसते. हा दोष व्यापाऱ्याला बोट लावून कळतो आणि प्रयोगशाळेला आकड्यात सांगता येतो.

पकडण्याच्या गुणाचे आणखी कितीतरी उपयोग आहेत. पाण्यातला अमोनिया तपासताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम गढूळपणा आणू नयेत म्हणून रोशेल मीठ घालतात. प्रथिनं ओळखणाऱ्या बाययुरेट द्रावणात ते तांब्याला सांभाळतं. विद्युतविलेपनात आणि प्लास्टिकवर तांबं चढवण्याच्या कामात ते वापरलं गेलं. काचेवर चांदीचा आरसा धरवताना ते चांदीचं मंद क्षपण करतं, म्हणून अर्धपारदर्शक आरशांसाठी ही रीत पसंत केली जाई. सेंद्रिय रसायनशास्त्रात काम करणाऱ्यांची तर यावर खास मर्जी आहे. अॅल्युमिनियमयुक्त क्षपणकारकांनी क्रिया केली की शेवटी जेलीसारखा चिकट गाळ होतो आणि त्यात अडकलेलं उत्पादन बाहेर येत नाही. रोशेल मिठाचं संपृक्त द्रावण ओतून तास-दोन तास ढवळत ठेवलं की टार्ट्रेट अॅल्युमिनियमला पकडतं, गाळ विरतो आणि पाणी व द्रावक यांचे दोन स्वच्छ थर सुटतात.

इथे एका नातेवाइकाबद्दल सावध करायला हवं. याच आम्लाने अँटिमनीला धरलं की टार्टर एमेटिक तयार होतं, आणि ते विषारी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात काळा आजारावर ते शिरेतून देत, पण रुग्णाला त्याचा त्रास फार व्हायचा. कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी युरिया स्टिबामाइन शोधलं आणि हा उपचार बराच सुसह्य झाला. टार्टर हा शब्द क्रीम ऑफ टार्टरमध्येही आहे म्हणून प्रयोगशाळेतली बाटली उचलताना पूर्ण नाव वाचावं.

आतापर्यंतची सगळी कामं द्रावणातली. मिठाचा दुसरा गुण स्फटिकात आहे, आणि तो समजून घ्यायला लुई पाश्चर यांच्याकडे जावं लागतं. १८४८ साली, वयाच्या पंचविशीत, ते पॅरिसमध्ये रोशेल मिठाच्या सख्ख्या भावंडावर काम करत होते. पोटॅशियमच्या जागी अमोनियम असलेला तो टार्ट्रेट क्षार. ज्या आम्लापासून त्यांनी हा क्षार केला होता ते प्रकाशाच्या ध्रुवणाची पातळी वळवत नव्हतं, द्राक्षांतून सहसा मिळणारं आम्ल मात्र वळवायचं. पाश्चर यांनी स्फटिक भिंगाखाली पाहिले तेव्हा त्यांच्या कडांवरची छोटी पृष्ठं काहींवर उजवीकडे आणि काहींवर डावीकडे झुकलेली दिसली. चिमट्याने त्यांनी दोन ढीग वेगळे केले. एका ढिगाचं द्रावण ध्रुवण उजवीकडे वळवत होतं, दुसऱ्याचं डावीकडे. ७४ वर्षांचे बियो या विषयातले जाणते. त्यांनी पाश्चर यांच्याकडून हा प्रयोग आपल्यासमोर पुन्हा करवून घेतला आणि मगच मान्य केला. हे स्फटिक साधारण २७-२८ अंश सेल्सिअसच्या खालीच असे वेगवेगळे बनतात. त्याहून उष्ण हवेत डावे-उजवे एकाच स्फटिकात बसतात आणि चिमट्याला काही काम उरत नाही.

द्राक्षवेल आणि चिंच टार्टारिक आम्लाचा एकाच हाताचा रेणू बनवतात. रोशेल मीठ त्यापासून बनतं, म्हणून त्याचा प्रत्येक स्फटिक एकाच हाताच्या रेणूंनी भरलेला असतो. अशा स्फटिकात समोरासमोरच्या बाजू एकमेकींचं प्रतिबिंब असू शकत नाहीत, त्याला सममितीचं केंद्र नसतं. दाबल्यावर वीज निर्माण व्हायची असेल तर नेमकी हीच अट आहे. सममितीचं केंद्र असलेला स्फटिक दाबला तरी धन आणि ऋण भार एकमेकांना फेडून टाकतात. केंद्र नसेल तर ते थोडे सरकून वेगळे पडतात आणि स्फटिकाच्या पृष्ठांवर विद्युतदाब दिसतो. वेलीच्या पेशीत ठरलेला डावा-उजवेपणा असा थेट विजेपर्यंत पोचतो. रसायनशास्त्रात कार्यकारणाची इतकी लांब आणि इतकी स्वच्छ साखळी क्वचित दिसते.

ज्याक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० साली दाबल्यावर वीज देण्याचा हा परिणाम शोधला. टुर्मलीन, क्वार्ट्झ, पुष्कराज, साखर आणि रोशेल मीठ हे त्यांनी तपासलेल्या स्फटिकांतले काही. रोशेल मिठाचा प्रतिसाद क्वार्ट्झच्या शेकडो पट निघू शकतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढायला फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लांजव्हँ यांनी क्वार्ट्झ निवडलं, कारण ते दणकट. पण १९१९ च्या सुमारास अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या अलेक्झांडर निकोलसन यांनी रोशेल मिठापासून मायक्रोफोन, ध्वनिक्षेपक आणि ग्रामोफोनचे पिकअप करून दाखवले.

पुढच्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठातल्या जोसेफ व्हॅलसेक या तरुण संशोधकाने यापुढचं पाऊल टाकलं. स्फटिकावर विद्युतक्षेत्र लावून ते कमी-जास्त करताना त्यांना दिसलं, की क्षेत्र काढून घेतलं तरी स्फटिकाचं ध्रुवीभवन शिल्लक राहतं आणि क्षेत्र उलटं केल्यावरच पालटतं. लोखंड चुंबकत्वाच्या बाबतीत जसं वागतं, तसं हे मीठ विजेच्या बाबतीत वागत होतं. एप्रिल १९२० मध्ये वॉशिंग्टनच्या सभेत त्यांनी हे मांडलं. आज लोहविद्युत पदार्थांचं मोठं शास्त्र आहे आणि त्याची सुरुवात या मिठापासून झाली. रोशेल मिठात हा गुण उणे १८ आणि अधिक २४ अंश सेल्सिअस या दोन तापमानांच्या मध्येच असतो. वरची सीमा नेमकी खोलीच्या तापमानाजवळ आल्यामुळे अभ्यासकांची सोय झाली आणि उपकरणं बनवणाऱ्यांची गैरसोय, कारण खिडकी उघडली तरी आकडे बदलत. लेनिनग्राडमध्ये १९३० च्या सुमारास यावर खोलवर काम करणाऱ्यांत इगोर कुर्चातोव्ह होते. सोव्हिएत अणुबाँबच्या प्रकल्पाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं ते नंतर.

१९३० च्या दशकात क्लीव्हलंडच्या ब्रश डेव्हलपमेंट कंपनीने हे स्फटिक मोठ्या प्रमाणावर वाढवले. त्यातून पातळ चकत्या कापायच्या आणि दोन चकत्या अशा चिकटवायच्या, की एक लांबताना दुसरी आखडेल आणि जोडी वाकेल. ग्रामोफोनची सुई तबकडीच्या खाचेत थरथरली की ही जोडी वाकायची आणि तिच्यातून निघालेला विद्युतदाब थेट व्हॉल्व्हच्या रेडिओला पुरायचा. क्रिस्टल मायक्रोफोन आणि क्रिस्टल इअरफोनही असेच. दुसऱ्या महायुद्धात सोनारसाठीही रोशेल मीठ वापरलं गेलं. त्याच काळात अमोनियम फॉस्फेटचा स्फटिक आणि बेरियम टायटनेटचा भाजलेला सिरॅमिक पुढे आला, १९५० च्या दशकात शिसं आणि झिर्कोनियमवाली सिरॅमिकं आली, आणि रोशेल मीठ बाजारातून उठलं.

ते उठण्याचं कारण म्हणजे स्फटिकातले पाण्याचे चार रेणू. हवा फार कोरडी झाली, सापेक्ष आर्द्रता साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेली, तर ते पाणी बाहेर पडू लागतं आणि पृष्ठभागावर पांढरी पूड धरते. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास चढली तर उलट होतं, स्फटिक हवेतली वाफ ओढून घेतो आणि पाझरतो. ५५ अंशांवर तर त्याची रचनाच कोसळते आणि अजून तापवलं की तो आपल्याच स्फटिकजलात वितळतो. महाराष्ट्रात ही तिन्ही संकटं एका वर्षात येतात. रत्नागिरीचा जुलै त्याला पाझरवतो, विदर्भातली मेची दुपार त्याला पांढरं करते, आणि उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत तो वितळण्याच्या वाटेला लागतो. क्रिस्टल पिकअपना मेणाचं किंवा लाखेचं आवरण देत, तरी उष्ण आणि दमट मुलखात ते लवकर मरत.

एवढं नाजूक असूनही शाळेत दाखवायला याच्या तोडीचा स्फटिक मला माहीत नाही. कृती सेन्येत घराण्याच्याच वाटेने जाते. क्रीम ऑफ टार्टर १०० ग्रॅम घ्यावं आणि स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात दीडशे ते दोनशे मिलिलिटर पाण्यात ढवळून गरम करावं. ते नीट विरघळत नाही, थंड पाण्यात तर १०० मिलिलिटरला अर्धा ग्रॅमच्या आसपास जेमतेम. मग खायचा सोडा चिमूट-चिमूट घालत जावं. एकदम घातला तर उतू जातं. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, दुधाळ पाणी हळूहळू निवळतं, आणि ४५ ग्रॅमच्या जवळपास सोडा गेला की फसफस थांबते. पाण्यात आता रोशेल मीठ आहे आणि ते कमालीचं विद्राव्य, २५ अंशांच्या आसपास १०० मिलिलिटरला साठ-पासष्ट ग्रॅम. तांब्याचं, पितळेचं आणि अॅल्युमिनियमचं भांडं इथे वर्ज्य; कारण वर सांगितलंच आहे.

गरम असतानाच गाळून झाकून ठेवावं. दुसऱ्या दिवशी तळाशी बारीक स्फटिक दिसले की त्यातला सर्वांत सुबक निवडावा, बाकीचं मीठ द्रावणातच पुन्हा गरम करून विरघळवावं, पूर्ण थंड होऊ द्यावं आणि निवडलेला स्फटिक नायलॉनच्या दोऱ्याने त्यात टांगावा. भांडं हलणार नाही आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडणार नाही अशी जागा हवी. घाई केली तर स्फटिक गढूळ होतो. सावकाश वाढलेला काचेसारखा असतो, आणि वीज देणाराही तोच. त्याचा आकार दुरुस्त करायचा असेल तर पाण्यात विरघळणारे स्फटिक ओल्या दोऱ्याने कापायची जुनी रीत चालते. पुसायला टिपकागद वापरावा, पाणी नको. समोरासमोरच्या दोन पृष्ठांवर स्वयंपाकघरातल्या फॉइलचे तुकडे घट्ट दाबून त्यांना तारा जोडाव्यात, तारा ऑसिलोस्कोपला द्याव्यात आणि स्फटिकावर पेन्सिलीने हलकी टिचकी मारावी. पडद्यावर रेघ उडते. दिशा बदलून, पृष्ठं बदलून पाहावं. सगळ्या बाजूंनी सारखा प्रतिसाद येत नाही, आणि का येत नाही हे विचारायला मुलांना सांगावं लागत नाही.

साठवण्यासाठी घट्ट झाकणाची काचेची बरणी पुरे. कोकणात तिच्यात सिलिका जेलच्या पुड्या ठासून भरू नयेत, कारण हवा अतिकोरडी झाली की स्फटिकाचं स्वतःचंच पाणी जातं. बरणीत त्याच मिठाची थोडी पूड शेजारी ठेवली तर आतली आर्द्रता बेताची राहते. नेलपॉलिशचा पातळ थर दिला तर एखादा पावसाळा निभावतो. आणि इतकं करूनही स्फटिक पांढरा पडला, तर फेकू नये. मिठातून फक्त पाणी गेलेलं असतं. गरम पाण्यात विरघळवून तोच पुन्हा वाढवता येतो.